अब्बांची वही आणि इंजिन ऑइलचा इतिहास

आमच्या घरी लाल पुठ्ठ्याची एक लांबट वही आहे, दुकानदार उधारी लिहायला वापरतात तसली. वर अब्बांच्या अक्षरात ‘गाडी’ एवढंच लिहिलंय. आत चार रकाने आहेत: तारीख, किलोमीटर, काय केलं, किती पैसे गेले. पहिली नोंद १९८८ ची, शेवटची २०१५ ची. सत्तावीस वर्षांत एका प्रीमिअर पद्मिनीच्या इंजिनात कधी, कोणतं आणि किती रुपयांचं ऑइल गेलं, त्याचा हा हिशेब.

अब्बा बार्शी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. पतसंस्थेचं कर्ज काढून त्यांनी १९८४ ची ही गाडी चार वर्षं वापरलेली घेतली. आमच्या सगळ्या नात्यागोत्यात ती पहिली चारचाकी. नवरदेव, बाळंतिणी, सोलापूरच्या दवाखान्यात न्यायचे पेशंट, सगळे तिच्यातूनच गेले. ईदची खरेदी एखाद्या वर्षी पुढे ढकलली जायची, ऑइल बदलणं कधी पुढे ढकललं गेलं नाही. अम्मी चिडून म्हणायची, “पोरांच्या खाण्यापिण्याचा एवढा हिशेब ठेवला असता तर बरं झालं असतं.”

मलाही तेव्हा अब्बांचं हे वागणं जुन्या माणसाचा हट्ट वाटायचं. दर दोन हजार किलोमीटरला ऑइल बदलायचं म्हणजे काय? पुढे माझी स्वतःची नवी गाडी आली, तिचं ऑइल दहा हजारांवर बदलायचं असतं हे कळलं आणि माझी खात्रीच पटली की अब्बांनी आयुष्यभर पैसे गटारात ओतले.

२०१६ मध्ये अब्बा गेले. पद्मिनी माझ्याकडे आली. २०१८ च्या मे महिन्यात मी ती पुण्यात एका सर्व्हिसिंगच्या दुकानात दिली. तिथल्या मुलाने सुचवलं, ‘फुल सिंथेटिक टाका सर, ५डब्ल्यू-३०, सगळ्यात भारी. आधी इंजिन फ्लश करून घेऊ, आतली घाण निघून जाईल.’ जुन्या गाडीला उत्तम ते द्यावं या भावनेने मी होकार दिला. वही घरी कपाटात होती.

इंदापूर ओलांडलं तेव्हा सगळं ठीक होतं. टेंभुर्णीला चहाला थांबलो, गाडी मंद चालू ठेवली आणि डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला. खाली वाकून पाहिलं तर चेंबरखाली काळे थेंब. गाडी टोचन करून बार्शीला आणली. उस्तादांनी, म्हणजे अब्बांच्या जुन्या मेकॅनिकने, चेंबर उतरवला. पंपाच्या तोंडाशी असलेली जाळी काळ्या, खरवडीसारख्या तुकड्यांनी जवळजवळ बुजली होती. ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, “मास्टरसाब कभी इसमें पतला नै डाले. उनकी बही तो देख लेना था ना बेटा.”

बेअरिंग वाचले, इंजिन बांधावं लागलं नाही. त्या रात्री मी वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली. अब्बा हट्टी होते हा माझा समज त्या वहीने खोटा ठरवला. तो कसा ते सांगायचं तर आधी ऑइलचा थोडा इतिहास सांगायला हवा.

एरंडेल ते नंबर

आपल्याकडे बैलगाडीच्या आसाला वंगण घालायची पद्धत जुनी आहे. चाक करकरू नये आणि आस झिजू नये, एवढंच त्याचं काम. सुरुवातीच्या मोटारींच्या ऑइलकडूनही साधारण तेवढीच अपेक्षा होती. अमेरिकेत १८५९ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलला ड्रेकची तेलविहीर लागली आणि पुढच्या काही वर्षांतच खनिज तेलापासून वंगण बनवणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. तोवर यंत्रांना प्राण्यांची चरबी आणि वनस्पतींची तेलं लागत.

ती तेलं लगेच गेली नाहीत. इंग्लंडमध्ये चार्ल्स वेकफिल्ड यांच्या कंपनीने १९०९ मध्ये जे ऑइल आणलं त्यात एरंडेल मिसळलेलं होतं. एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच त्याला ‘कॅस्ट्रॉल’ हे नाव पडलं. एरंडेल तापलं तरी धातूला चिकटून राहतं, म्हणून शर्यतीच्या गाड्या आणि विमानं यांना ते पसंत. पण ते लवकर आंबतं, चिकट होतं, डिंकासारखं बसतं. इंजिन वारंवार खोलून साफ करावं लागे.

फोर्डची मॉडेल टी १९०८ मध्ये आली. तिच्यात ऑइलचा पंप नव्हता, फिल्टरही नव्हता. फिरणारं फ्लायव्हील ऑइल उडवायचं, ते नळीतून पुढे जाऊन परत खाली यायचं. ऑइल किती आहे हे पाहायला आजच्यासारखी पट्टी नव्हती. गाडीखाली जाऊन दोन छोटे नळ उघडून बघावं लागे. धूळ, कोळसा, धातूचा चुरा, सगळं त्याच ऑइलमध्ये फिरत राहायचं. त्या काळी ऑइल काही शे मैलांत बदलत, ते याच कारणाने.

दुसरी अडचण अशी की ‘जाड’ आणि ‘पातळ’ हे प्रत्येक दुकानदाराचं वेगळं होतं. अमेरिकेतल्या मोटार अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे एसएईने, १९११ मध्ये ऑइलच्या घट्टपणाची वर्गवारी ठरवली. डब्यावर दिसणारे ३०, ४०, ५० हे आकडे त्या परंपरेतले. आज हा आकडा शंभर अंश सेल्सिअसला ऑइल किती घट्ट राहतं ते सांगतो. त्या मापात ३० नंबरचं ऑइल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स, ४० नंबरचं १२.५ ते १६.३ आणि ५० नंबरचं १६.३ ते २१.९ च्या दरम्यान असतं. नंबर मोठा, तर तापलेलं ऑइल जाड.

थंड देशांत सकाळी गाडी सुरू होत नसे, म्हणून १९३० च्या दशकात हिवाळ्याच्या वेगळ्या ग्रेड आल्या. आकड्यामागचा ‘डब्ल्यू’ म्हणजे इंग्रजीतला हिवाळा. ५डब्ल्यूची चाचणी आज उणे तीस अंशांना होते. आमच्या बार्शीत डिसेंबरच्या पहाटे पारा दहाच्या आसपास उतरला तरी लोक शेकोट्या पेटवतात. उणे तीसची सोय असलेलं ऑइल मी मे महिन्यात, चाळीसच्या वर तापलेल्या सोलापूर रस्त्यावर चालवलं होतं. आणि तापल्यावर ते फक्त तीस नंबरचं उरत होतं. चौतीस वर्षं झिजलेल्या बेअरिंगच्या फटींतून ते भराभर निसटलं, दाब पडला आणि दिवा लागला.

काळं ऑइल म्हणजे खराब ऑइल?

उस्तादांनी जाळीतून काढलेला काळा गाळ कुठून आला, याचं उत्तरही इतिहासातच आहे.

जुन्या साध्या ऑइलमध्ये साबणाचा गुण नव्हता. काजळी आणि डिंक इंजिनाच्या आत भिंतींवर, कोपऱ्यांत थर धरून बसत. १९३० च्या दशकात कॅटरपिलरच्या डिझेल इंजिनांत पिस्टनच्या रिंगा अशा थराने जाम होऊ लागल्या, तेव्हा ऑइलमध्ये धातूंचे साबण मिसळण्याचे प्रयोग झाले. आज ज्याला डिटर्जंट ऑइल म्हणतात त्याची सुरुवात ही. असं ऑइल काजळीला बसू देत नाही, स्वतःत तरंगत ठेवतं. त्यामुळे ते लवकर काळं होतं, आणि काळं होणं हीच त्याच्या कामाची खूण असते.

त्याआधी १९२३ मध्ये अमेरिकेत प्युरोलेटर या नावाचा ऑइल फिल्टर आला होता. तरंगणारी घाण अडवायला फिल्टर आणि ती तरंगत ठेवायला डिटर्जंट, या जोडीमुळे ऑइलचं आयुष्य वाढलं. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने, म्हणजे एपीआयने, १९४७ मध्ये ऑइलचे तीन वर्ग पाडले: रेग्युलर, प्रीमिअम आणि हेवी ड्यूटी. पुढे १९७० च्या सुमारास आजची अक्षरांची पद्धत आली. ‘एस’ने सुरू होणारे वर्ग पेट्रोल गाड्यांचे, ‘सी’ने सुरू होणारे डिझेलचे. एसएमध्ये कसलंच औषध नाही. त्यानंतर एसबी, एससी असं करत १९८० मध्ये एसएफ आणि २०२० मध्ये एसपी. दुसरं अक्षर जितकं पुढचं तितका वर्ग नवा.

माझ्या गाडीत वर्षानुवर्षांचा थर शांत बसला होता. पुण्याच्या दुकानात फ्लशने तो एका तासात सैल केला आणि तीव्र साफ करणारं पातळ ऑइल त्याच्यामागे सोडलं. थराचे तुकडे खाली आले आणि जाळीवर बसले. जुन्या सीलच्या कडेची फट ज्या गाळाने बुजली होती तोही धुऊन गेला, म्हणून थेंब पडू लागले. सिंथेटिक ऑइल सील खातं असं गॅरेजमध्ये सर्रास म्हणतात. माझ्या बाबतीत दोष सिंथेटिकचा कमी आणि चुकीच्या ग्रेडचा नि घाईच्या सफाईचा जास्त होता.

दोन हजारांचा नियम कुठून आला

आता वहीकडे येतो. १९८८ ते १९९४ या काळातल्या नोंदी जवळजवळ सारख्या आहेत: ‘४० नंबर, ऑइल बदली’. दोन नोंदींमधलं अंतर दोन हजारांच्या आसपास. गॅरेजमध्ये तेव्हा ‘चाळीस नंबर द्या’ असंच मागत. हे एकाच नंबरचं ऑइल. सकाळी घट्ट, तापलं की पातळ.

त्या काळचा बाजार आठवा. एस्सो १९७४ मध्ये आणि बर्मा-शेल १९७६ मध्ये सरकारच्या ताब्यात आली. त्यांतून हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम उभ्या राहिल्या. इंडियन ऑइलचं ‘सर्व्हो’ १९७२ मध्ये बाजारात आलं होतं. मुंबईत माहूलच्या रिफायनरीत ऑइलचा मूळ द्रव, म्हणजे बेस ऑइल, तयार होत होता. पण तालुक्याच्या गावात पंपावर जे मिळेल ते घ्यायचं, निवड फारशी नव्हती.

आणि पेट्रोल? त्यात शिसं होतं. इंजिन ठोके मारू नये म्हणून पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालण्याची रीत अमेरिकेत १९२३ पासून सुरू झाली आणि जगभर पसरली. शिसं आतच साचू नये म्हणून त्यासोबत ब्रोमिन आणि क्लोरिनची संयुगं घालत. जळल्यावर त्यांची आम्लं बनत. शिशाचे क्षार आणि ही आम्लं रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरत. शिवाय एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून जाते, पण इंजिन पुरतं तापायच्या आत बंद केलं तर थोडी ऑइलमध्ये मुरते. अब्बांची शाळा घरापासून नऊ किलोमीटरवर. रोजचा प्रवास एवढाच.

याहून मोठी गोष्ट भेसळीची. रेशनच्या स्वस्त रॉकेलची पेट्रोल-डिझेलमध्ये भेसळ ही त्या दशकांतली उघड गोष्ट. भेसळ ओळखता यावी म्हणूनच रेशनचं रॉकेल निळं केलेलं असे. रॉकेल पेट्रोलसारखं पटकन उडून जात नाही. न जळलेलं रॉकेल सिलिंडरच्या भिंतीवरून चेंबरमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ करतं. १९९१ च्या एका नोंदीपुढे अब्बांनी लिहिलंय: ‘पट्टीवर ऑइल वाढलेलं दिसलं. रॉकेलचा वास. लगेच बदली.’ ऑइल आपोआप वाढत नसतं. त्यात दुसरं काही मिसळलं असलं तरच पातळी वर चढते.

शिसं, आम्ल, पाणी, रॉकेल, कच्च्या रस्त्याची धूळ आणि एकाच नंबरचं ऑइल. या सगळ्याला मिळून दोन हजार किलोमीटर हे उत्तर होतं. अब्बांनी ते कुठल्या पुस्तकातून घेतलं नव्हतं. मी मात्र ते माझ्या २०१८ च्या नव्या गाडीच्या मापाने मोजत होतो.

मामूंची टॅक्सी

मुंबईत माझे मामू कुर्ल्याला राहायचे आणि पद्मिनीचीच काळी-पिवळी चालवायचे. गाडीही कुर्ल्याचीच म्हणायची. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर ऑटोमोबाईल्सचा कारखाना तिथेच होता. १९५४ पासून फियाट ११०० तिथे जुळवली गेली, पुढे तिचंच नाव १९७४ मध्ये पद्मिनी झालं. १०८९ सीसीचं तेच चार सिलिंडरचं इंजिन. सुटे भाग सीएसटी रोडवर मिळत. टॅक्सीवाल्याला इंजिन बांधायचं म्हणजे गाडी दहा-पंधरा दिवस उभी. धंदा बंद, हप्ता मात्र चालू. त्यामुळे ऑइलच्या बाबतीत मामू अब्बांपेक्षाही कडक. ते बोटावर ऑइल घेऊन चोळून बघत, वास घेत, रंग बघत.

२००० च्या आसपास मुंबईच्या टॅक्स्या मोठ्या संख्येने सीएनजीवर आल्या. मामूंच्या गाडीतही सिलिंडर बसलं. आणि त्यांची बोटांची परीक्षा एकदम निकामी झाली. गॅसची काजळी फार कमी, त्यामुळे ऑइल हजारो किलोमीटर मधासारखं सोनेरी दिसायचं. स्टँडवरचे पुष्कळ जण म्हणू लागले, ऑइल काळंच होत नाही तर बदलायचं कशाला? मामूंनीही अंतर लांबवलं. पण गॅसवर इंजिन जास्त तापतं आणि उष्णतेने ऑइल रंग न बदलताही म्हातारं होतं. हवेशी संयोग होऊन ते घट्ट होत जातं, आम्ल वाढतं. मामूंच्या इंजिनात टॅपेटचा आवाज सुरू झाला तेव्हा ऑइल दिसायला स्वच्छच होतं. त्या वर्षी त्यांना इंजिन बांधावं लागलं आणि माझ्या मामेबहिणीचं लग्न सहा महिने पुढे गेलं. घरात कुणी त्यावर बोललं नाही, पण सगळ्यांना कारण माहीत होतं.

मामूंचं चुकलं ते एवढंच. रंगाची परीक्षा पेट्रोलच्या काळात बरीचशी चालायची. इंधन बदललं, परीक्षा तीच राहिली.

वहीत बदलत गेलेला नियम

आता मूळ मुद्दा. त्या रात्री वहीत मला जे दिसलं ते असं.

१९९५ पासून ‘४० नंबर’ ऐवजी ‘वीस-चाळीस’ असा उल्लेख सुरू होतो. ९० च्या दशकात वंगणाचा बाजार खुला झाला, नव्या कंपन्या आल्या, खेड्यापाड्यात सीलबंद डबे मिळू लागले. वीस-चाळीस म्हणजे २०डब्ल्यू-४०. थंड असताना वीससारखं, तापल्यावर चाळीससारखं. लांबलचक साखळ्यांची रसायनं त्यात मिसळलेली असतात, ती तापल्यावर ऑइलला फार पातळ होऊ देत नाहीत. त्या वर्षापासून अब्बांचं अंतर तीन हजार झालं.

१ फेब्रुवारी २००० पासून देशभर बिनशिशाचंच पेट्रोल मिळू लागलं. चार महानगरांत ते १९९५ मध्येच आलं होतं. २००१ मध्ये वहीत अंतर चार हजारांवर गेलेलं दिसतं. समासात पेन्सिलीने लिहिलंय: ‘पेट्रोल सुधारलं. प्लगही स्वच्छ.’

२००७ मध्ये अब्बा निवृत्त झाले. गाडी वर्षाला जेमतेम दीड हजार किलोमीटर चालू लागली. इथून पुढे किलोमीटरचा रकाना जवळजवळ बिनकामाचा होतो. दरवर्षी एक नोंद, दिवाळीच्या आसपास: ‘पावसाळा संपला. ऑइल बदली.’ पावसाळ्यात उभी राहिलेली, अधूनमधून दहा मिनिटं सुरू केलेली गाडी ऑइलमध्ये पाणी साठवते, हे त्यांनी ओळखलं होतं. अंतर मोजायचं सोडून ते महिने मोजू लागले होते.

ज्यांना मी सवयीचे गुलाम समजत होतो, त्यांनी सत्तावीस वर्षांत तीनदा आपला नियम बदलला. प्रत्येक वेळी काहीतरी बाहेर बदललं होतं: ऑइल, पेट्रोल किंवा गाडीचा वापर. ‘सगळ्यात भारी’ म्हणून न विचारता डबा ओतणारा मीच होतो.

असे गोठलेले नियम फक्त आपल्याकडेच नाहीत. अमेरिकेत दर तीन हजार मैलांनी ऑइल बदलायची पद्धत इतकी रुजली होती की ऑइल आणि इंजिनं सुधारली तरी लोक सोडेनात. ती टिकवण्यात झटपट ऑइल बदलून देणाऱ्या दुकानांचाही फायदा होता. शेवटी कॅलिफोर्निया राज्याच्या कचरा विभागाला सांगावं लागलं की बाबांनो, आपल्या गाडीचं मॅन्युअल बघा, विनाकारण जळकं ऑइल वाढवू नका. तिथे नव्या गाड्यांना जुना नियम लावला जात होता. मी जुन्या गाडीला नवा नियम लावला. दोन्हीकडे नियमामागचं कारण कुणी विचारलं नाही.

नवं ते सगळ्यांना चांगलं असतं का

आणखी एक गोष्ट जुन्या गाडीवाल्यांनी समजून घ्यायला हवी. १९४० च्या दशकापासून ऑइलमध्ये जस्त आणि फॉस्फरस यांचं एक संयुग घालतात. धातूवर धातू घासतो तिथे ते पातळ कवच धरतं. पद्मिनीसारख्या इंजिनात कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असतो आणि त्याची टोकं सपाट टॅपेटवर थेट घासतात. तिथे या कवचाची फार गरज असते.

पण फॉस्फरस सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला निकामी करतो. म्हणून नव्या वर्गांत, विशेषतः ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ ग्रेडमध्ये, त्यावर मर्यादा आली. आता ती ०.०८ टक्के आहे. नव्या इंजिनांना तेवढं पुरतं. २०डब्ल्यू-५० सारख्या जाड ग्रेडला एपीआयची ही वरची मर्यादा लागू नाही, त्यामुळे जुन्या टॅपेटच्या इंजिनाला तिथे अजून आधार मिळतो. पद्मिनीला कन्व्हर्टरच नाही. त्याला वाचवण्यासाठी केलेल्या बदलाचा तिला काही उपयोग नाही.

याचा अर्थ जाड तेवढं चांगलं असाही नाही. धूर मारणारी गाडी विकताना तिच्यात जाडजूड ऑइल भरून धूर लपवणारे दलाल सगळ्यांनी पाहिलेत. फार जाड ऑइल सकाळी वरच्या रॉकरपर्यंत पोहोचायला वेळ लावतं, आणि सुरू होतानाचे ते काही क्षणच जास्त झीज करतात.

मी काय ठरवलं

टेंभुर्णीच्या प्रसंगानंतर उस्तादांनी जाळी धुतली, गळणारं सील बदललं, वीस-पन्नास मिनरल भरलं आणि पाचशे किलोमीटरवर परत बोलावलं. सैल झालेला गाळ पुन्हा निघाला. मग दीड हजारांवर एकदा. तिसऱ्या वेळी ऑइल बऱ्यापैकी स्वच्छ आलं. फिल्टर प्रत्येक वेळी नवा.

आता माझा नियम असा: २०डब्ल्यू-५० मिनरल, तीन हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. महाग सिंथेटिकचं बळ लांब पल्ल्यात असतं. जे ऑइल मी बारा महिन्यांनी काढूनच टाकणार आहे त्याच्यासाठी तिप्पट पैसे देण्यात अर्थ नाही. आठवड्यातून एकदा सपाट जागी, इंजिन बंद करून पाच मिनिटांनी पट्टी बघतो. पातळी उतरली की वर भरतो, चढली की वास घेतो. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलंय. इथेनॉल ओलावा ओढतं, आणि आमच्या कार्बोरेटरचे रबरी भाग त्याच्यासाठी बनलेले नाहीत. म्हणून यंदा मी पट्टी जास्त वेळा बघतो. कदाचित हाच नियम मलाही बदलावा लागेल.

तुमच्या दारात मारुती ८०० असेल, अॅम्बेसेडर असेल किंवा जुनी डिझेल जीप, तर माझा आकडा उचलू नका. गाडीचं मॅन्युअल बघा, डिझेल असेल तर डब्यावर ‘सी’चा वर्ग बघा, इंजिन किती झिजलंय ते जुन्या मेकॅनिकला विचारा आणि गाडी खरोखर किती नि कशी चालते ते प्रामाणिकपणे मोजा. रिकामा डबा भोसकूनच टाका, नाहीतर तोच डबा नकली ऑइल भरून परत दुकानात येतो. जळकं ऑइल गटारात ओतू नका. अब्बा ते सेंट्रिंगवाल्याला फळ्यांना लावायला देत, थोडं वाळवी लागू नये म्हणून घराच्या चौकटींना फासत. आज ते घातक कचऱ्यात मोडतं. मी उस्तादांच्या पिंपात टाकतो, तिथून गोळा करणारा घेऊन जातो.

२०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली. मामूंना बातमी फोनवर वाचून दाखवली. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, “तुझ्या अब्बांची चालू आहे ना? ऑइल कधी बदललंस?”

मी वही काढली आणि वाचून दाखवलं. २०१५ च्या अब्बांच्या नोंदीनंतर तीन वर्षं मोकळी आहेत. त्याखाली माझ्या अक्षरात टेंभुर्णीची नोंद आहे, चुकीच्या ऑइलचं नाव आणि किंमतीसकट. ती मी खोडलेली नाही. माझ्या मुलाने गाडी घेतली तर त्याला तीही वाचता यावी.